चौथा पडदा

"आत्ता आहे. बघा, आत्ता आहे ना?"

खेळाडूने कॉम्प्युटरच्या वरच्या उजव्या पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावरच्या फोटोत सहा-सात वर्षांची एक मुलगी सायकलवर बसून हसत होती. पुढचे दोन दात नव्हते, तरी हसू पुरेपूर होतं.

"आहे," मी म्हणालो.

"काल दुपारी नव्हती. चांगली वीस मिनिटं. काळं, नुसतं काळं. मी बायकोला हाक मारली, ती हात पुसत आली, तोवर पोरगी परत सायकलवर."

"आणि परवा?"

"परवा दोनदा."

हे सगळं तो इतक्या दबक्या आवाजात सांगत होता, की समोरच्या पडद्यांनी ऐकू नये अशीच काळजी घेत असावा.

मला सगळे मिस्त्री म्हणतात. रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा पडलेलं नाव, कॉम्प्युटर आले तरी टिकलं. तीस वर्षं लोकांची खोकी उघडतोय. यंत्राचं दुखणं सांगताना माणूस अर्धं स्वतःचं सांगतो, हे मला पाठ झालंय, त्यामुळे निम्मं सोडून द्यायची सवय लागली आहे. या खेळाडूचा मला महिन्याभरात दोनदा फोन आला होता आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "साहेब, फोटो असा जात-येत नसतो. डोळे तपासून घ्या." त्याने घेतले. डोळे ठणठणीत निघाले, म्हणून आता तो डोकं तपासून घ्यायला निघाला होता.

"परवाची वेळ मिळालीय," तो म्हणाला. "मोठ्या डॉक्टरांची. आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, पन्नाशीच्या आत. भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसायच्या. शेवटी शेवटी स्वतःचं अंथरूण सापडेना त्यांना. मी आता शेहेचाळीसचा आहे, मिस्त्री. म्हणून म्हटलं, डॉक्टरांकडे जायच्या आधी एकदा तुम्ही येऊन बघा. यंत्रात दोष निघाला तर…"

माझ्यावर असली जबाबदारी आजवर कोणी टाकली नव्हती. लोक म्हणतात, दोष निघू नये. हा बिचारा दोष निघावा म्हणून हात जोडायचा बाकी होता.

खोलीत खिडकीला जाड पडदे, एक टेबल, टेबलावर चार स्क्रीन, दोन खाली, दोन वर. सहा वर्षांपूर्वी विमा कंपनीतली नोकरी सोडून हा गृहस्थ घरी बसला आणि पत्ते खेळून संसार चालवू लागला. ऑनलाइन पोकर. तीन पडद्यांवर तीन टेबलं एकदम लावतो. संध्याकाळी मुलगी शाळेतून आली की तिच्याबरोबर त्याच खुर्चीत बसून बंदुकांचे खेळ खेळतो. चौथा पडदा मोकळा, तिच्या फोटोसाठी. हे मशीन मीच दीड वर्षापूर्वी जोडून दिलं होतं. जुगारावर पोट भरणाऱ्याबद्दल माझं मत काही फार चांगलं नव्हतं, पण त्याची हिशेबाची वही पाहिली तेव्हा गप्प बसलो. शाळेत गणित शिकवणाऱ्याचीही इतकी नीटनेटकी नसेल.

मी खोकं उघडलं, धूळ उडवली, वायरी काढून घट्ट बसवल्या. मग माझी नेहमीची परीक्षा केली. वरच्या दोन पडद्यांच्या वायरींची अदलाबदल करायची. दोष वायरीबरोबर गेला तर वायर खराब, जागेवर राहिला तर पडदा किंवा मशीनमधलं कार्ड. हेच मी धाकट्या भावाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आई-वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, माझ्याच हाताखाली वाढला, आणि आता माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला चालतो. गिऱ्हाइकं त्यालाच मागतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर छाती फुगते.

दोष कुठेच गेला नाही, कारण दोष दिसतच नव्हता. मुलगी हसत होती.

"तुम्ही खेळत असतानाच जातो ना फोटो?" मी विचारलं. "मग खेळा. मी बसतो."

तो खेळायला बसला. मला समजावं म्हणून मध्ये मध्ये सांगत होता. "हे दोन पत्ते माझे. ते फक्त मला दिसतात. बाकीचे मधले, सगळ्यांचे. सगळा खेळ या दोन पत्त्यांचा. समोरच्याला ते कळले, तर खेळायला बसूच नये."

"आणि कळल्यासारखं वाटतं का कधी?"

त्याने माझ्याकडे चमकून पाहिलं. "हा बघा." खालच्या डाव्या टेबलावर समोरच्याचं टोपणनाव होतं, संथपाणी. "चार महिने झाले. माझ्याकडे चांगले पत्ते आले की हा पत्ते टाकून मोकळा. मी नुसती हूल दिली की हा ठाम बसतो. मनातलं वाचल्यासारखा. हिला सांगितलं, तर ही रडायलाच लागली. आधी फोटो जातो म्हणालात, आता माणसं मनातलं वाचतात म्हणताय, म्हणाली. तिचंही बरोबर आहे. मीही दुसऱ्या कोणाबद्दल हे ऐकलं असतं तर तेच म्हटलं असतं."

साडेबारा वाजत आले होते. घरात कसलाच आवाज नव्हता, माऊसच्या टिकटिकीशिवाय. त्याला दोन पत्ते आले. त्याचा श्वास जरा थांबला, म्हणजे चांगले असावेत.

आणि मुलगी गेली.

सायकल नाही, हसू नाही. वरचा उजवा पडदा काळा. बंद नव्हता पडला. कडेचा दिवा हिरवाच होता, घड्याळ कोपऱ्यात चालू होतं. फक्त फोटो पुसला गेला होता.

"दिसतंय?" तो कुजबुजला. "मिस्त्री, तुम्हाला दिसतंय?"

मला दिसत होतं. आणि हे काय आहे ते मला ठाऊक होतं. हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मात्र दुसऱ्या बाजूने.

माझ्या धंद्यातली एक सवय सांगितली पाहिजे. मशीन जोडून दिलं की मी त्यात एक प्रोग्राम टाकून ठेवतो. गिऱ्हाइकाने फोन केला की दुकानात बसूनच त्याचं मशीन उघडायचं, बघायचं, दुरुस्त करायचं. जिने चढायला नकोत. शिरलं की तो प्रोग्राम आधी मागचा फोटो काढून टाकतो, म्हणजे चित्र लवकर पोचतं. बाहेर पडलं की फोटो परत. कोपऱ्यात त्याची एक खूण दिसते, पण गिऱ्हाइकं तिला घाबरून फोन करतात, म्हणून मी ती लपवतो. 'आत येऊ का' ही विचारणाही बंद करतो. आणि दीडशे घरांचे दीडशे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून सगळीकडे एकच. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगत नाही. सांगायचं कशाला, आपण काय चोर आहोत?

पासवर्ड दोघांनाच माहीत होता. मला आणि धाकट्याला.

फोनवर "डोळे तपासा" म्हणताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कोणी आत शिरल्यावर गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून कसं दिसतं, ते कधी पाहिलंच नव्हतं ना. आता आलं, आणि मन पळवाटा शोधू लागलं. पासवर्ड कोणीतरी फोडला असेल. बाहेरचा असेल. कुठल्या तरी परक्या देशात बसलेला कोणी असेल. सकाळी निघताना धाकटा फोनवर होता, म्हणून मी कुठे जातोय ते सांगायचं राहिलं होतं, हेही आठवलं.

"माऊसला हात लावू नका," मी खेळाडूला म्हणालो. "जे काही हलेल ते समोरच्याला दिसतंय."

"कोणाला?"

मी खिशातून मोबाइल काढला आणि दुकानात फोन लावला.

"हां दादा."

"काय चाललंय?"

"काही नाही रे. प्रिंटर उघडून बसलोय. तू कुठेस? जेवायला येतोयस ना?"

आवाज रोजचाच होता. कुठे थरथर नाही, काही नाही. मला वाटलं, देवा, नसेल हा. मी म्हटलं, "येतो. जरा थांब, फोन ठेवू नकोस." मग खेळाडूच्या पडद्यावर एक कोरं पान उघडलं; आत शिरलेल्याला ते तिकडे दिसणारच होतं. दीडदोन ओळीच लिहायच्या होत्या, पण तीस वर्षांत इतकं जड काम केलं नव्हतं. मी टाइप केलं:

प्रिंटर झाकून ठेव. मी याच मशीनसमोर बसलोय.

फोनमध्ये खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग त्याचा श्वास. लहानपणी ताप आला की असाच श्वास घ्यायचा, मी रात्रभर ऐकत बसायचो. "दादा…" एवढंच म्हणाला आणि फोन बंद झाला.

मुलगी परत सायकलवर आली. खालच्या डाव्या टेबलावरून संथपाणी उठला. त्याची खुर्ची रिकामी दिसू लागली.

खेळाडू किती तरी वेळ त्या पानावरच्या ओळींकडे बघत होता. मी वाट पाहत होतो, हा आता माझी गचांडी धरणार. धरली असती तर मी सोडवली नसती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मी घातलेलं होतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही?"

"नाही साहेब. तुम्ही सांगत होतात ते अक्षर न् अक्षर खरं होतं. डोळे तपासा म्हटलं, ते माझं चुकलं."

त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला. खांदे हलत होते. रडतोय की हसतोय, कळेना. बहुतेक दोन्ही.

मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि हत्यारं पिशवीत भरू लागलो. खरं तर पळून जायचं होतं. तेवढ्यात दारात किल्ली वाजली.

"थांबा," खेळाडूने माझं मनगट धरलं. "ही आली. हिला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून तिला पटणार नाही. माझ्यावरचा तिचा विश्वास संपलाय हो."

वहिनी वाचनालयातून आल्या होत्या. हातात एक जाडसर फाइल होती, डॉक्टरांकडे न्यायची. नवऱ्याचे लाल डोळे पाहून त्या दारातच थांबल्या.

"काय झालं? परत दिसलं का काही?"

"वहिनी," मी म्हणालो, "साहेबांचं डोकं ठीक आहे. फोटो खरंच जात होता. मीही आत्ता पाहिला. कोणीतरी बाहेरून मशीनमध्ये शिरून त्यांचे पत्ते बघत होतं."

त्यांनी फाइल छातीशी धरली. "कोणीतरी म्हणजे कोण?"

"म्हणजे… असतात अशी माणसं."

"यांनी सांगितलं का तुम्हाला असं बोलायला?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "खरं सांगा हं. हेही असंच म्हणतात, कोणीतरी बघतंय, कोणीतरी वाचतंय. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणसाला नेहमी कोणीतरी असतं. त्याला नाव नसतं. तुम्ही चांगल्या मनाने यांची समजूत काढत असाल, पण त्याने यांचं नुकसान होईल. परवा आम्हाला जायलाच हवं."

खेळाडू माझ्याकडे बघत होता. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून लोक गप्प बसतात. मीही बसू शकलो असतो. वीस वर्षांचं दुकान होतं, धाकट्याची दोन पोरं होती, आणि गावभर लोक आमच्या भावाभावांचा दाखला देत होते. झाकली मूठ. आणि समोर एक माणूस, ज्याची बायको त्याला वेडा समजून हळू आवाजात बोलायला लागली होती.

"नाव आहे," मी म्हणालो. "माझा धाकटा भाऊ. माझ्या दुकानातून, माझ्या पासवर्डने. त्याने चोरी केली. चार महिने."

हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं, पण ऐकताना परक्याचं वाटलं. वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. मग उठल्या, नवऱ्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या, पुन्हा पुन्हा. मी माझी पिशवी उचलली. मला कोणी थांबवलं नाही. ते बरंच झालं.

दुकानात पोचायला अर्धा तास लागला. शटर उघडं होतं, पंखा चालू होता, आत धाकटा नव्हता. त्याची मोटरसायकल बाहेर उभी होती. टेबलावर किल्ली होती, आणि किल्लीशेजारी त्याचा मोबाइल, पालथा ठेवलेला. मी मागच्या खोलीत पाहिलं, संडासात पाहिलं, मागच्या गल्लीतही जाऊन आलो. कोणी नव्हतं.

बाकावर एक नर्स गणवेशात बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"ते आत्ता येतो म्हणाले," ती म्हणाली. "पाऊण तास होत आला. बाकी काही सांगितलंच नाही, नुसते चालत निघून गेले. बरं नाहीये का त्यांना?"

"काय झालंय लॅपटॉपला?" मी विचारलं.

"चार्ज होत नाही. पण मी थांबते ना. मागच्या वेळी त्यांनी फार छान करून दिला होता. कधी येतील?"

मी रस्त्याकडे पाहिलं. दुपारच्या उन्हात रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. धाकट्याची खुर्ची ओढून घेतली. ती त्याच्या उंचीला लावलेली होती, माझे पाय जमिनीला पुरेनात. "द्या इकडे. त्याला दहा मिनिटं लागली असती, मला तास लागेल. चालेल का?"

ती जरा घुटमळली आणि तिने लॅपटॉप माझ्या हातात दिला.