तक्त्यावरचा मळका ‘को’

मी मोशीच्या शाळेतला बाराखडीचा तक्ता बोलतोय. शेजारच्या फळ्याशी माझं पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको, की तक्त्यानं मनात ठेवलं.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. कापडावर डकवलेला जाड कागद, वर चित्रं, खाली ठसठशीत बाराखडी. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमारास मोशीत बायकांचा दुपारचा साक्षरता वर्ग निघाला आणि मला भिंतीवर मानाची जागा मिळाली. सोपानराव गुरुजी माझ्यावर छडी टेकवत आणि साऱ्या बाया एका सुरात ओरडत, “क, का, कि, की!” आधी अक्षर, मग शब्द, वाक्य सगळ्यांत शेवटी, हा गुरुजींचा शिरस्ता. तेव्हा फळ्याला विचारत होतं कोण?

पुढं गुरुजींची बदली झाली आणि शिकवण्याचं नवं शिक्षण घेतलेल्या इंदुताई आल्या. त्यांचं म्हणणं उलटंच. मूल बोलायला शिकतं ते अक्षरं घोकून नव्हे, अख्खं बोलणं ऐकून. मग वाचायलाही तसंच शिकवावं. त्या विचारत, “आज काय केलंत?” छबूबाई म्हणायची, “आमी कांदं काढलं.” इंदुताई तेच जसंच्या तसं फळ्यावर लिहीत, आणि बाया स्वतःचंच बोलणं वाचून हरखून जात.

आणि मी? ‘क कमळाचा’ सांभाळत लटकलेला. मोशीत कमळ पाहिलंय कुणी? जळफळाट झाला माझा! कालपर्यंत खडूची धूळ खाणारा तो काळतोंड्या आता कांद्यापासून कालवडीपर्यंत साऱ्या गावाच्या गोष्टी अंगावर मिरवत होता.

या नव्या रीतीची तक्रार वर गेली. एके दिवशी तपासणीला साहेब आले. बायकांना वाचता आलं नाही तर वर्ग बंद, हे त्यांनी दारातच सांगितलं. छबूबाईनं फळा घडाघडा वाचला. साहेबांना पटेना. “हे पाठ करून घेतलेलं दिसतंय. तो तक्ता वाचा.”

अखेर माझी आठवण झाली! छबूबाई माझ्यापुढं उभी राहिली. “क, का, कि, की, कु, कू, के, कै…” आणि एकदम गप्प. पदर पुढं ओढला, मान खाली घातली.

“अडलं घोडं,” साहेब म्हणाले. गुरुजींनीही इथंच तिला कितीदा ढ ठरवलं होतं. मी मनात म्हटलं, घे फळ्या, आता कळेल तुझी किंमत.

तेवढ्यात मागून म्हातारी अंबुबाई बोलली, “सायेब, तिच्या मालकाचं नावच त्या अक्षरानं सुरू व्हतंय. ती कशी वो म्हनंल?”

इंदुताईंना हसू आलं. “मग उखाण्यात घ्या, छबूबाई.”

छबूबाईनं माझ्या ‘को’वर बोट ठेवलं.

“भिंतीला तक्ता, फळ्यावर ओळ,
कोंडाजीरावांचं नाव घेते, मिटला सायबांचा घोळ!”

साहेबही हसले. वर्ग वाचला. उखाण्यात माझं नाव फळ्याच्या आधी आलं, पण त्याचं कौतुक एकट्या मलाच.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फळ्याचंच राज्य. माझा कोपरा फाटला, पट्टी निखळली. शेवटी इंदुताई म्हणाल्या, “हा आता काढून ठेवू या.”

“नगं बाई,” छबूबाई पुढं झाली. “ऱ्हाऊ द्या त्येला.”

“का हो? तुम्हाला तर आता सगळं फळ्यावर लिहिता येतं.”

“येतंय की. पन फळ्यावर लिवलं की पुसाया लागतंय. कुकवाच्या धन्याचं नाव मी माझ्या हातानं न्हाई पुसनार.”

कोंडाजी पिंपरीच्या बांधकामावर असतो, आठवड्यानं घरी येतो. छबूबाई मात्र रोज सगळ्यांच्या आधी वर्गात येते, माझ्या ‘को’वर बोट टेकवते आणि मुकाट जागेवर जाऊन बसते.

फळ्यावर मी अजून जळतो, खोटं कशाला बोलू? पण भिंतीला चुना द्यायला कधी आलात, तर मला जपून उतरवा. बाकी कुठंही ओलं फडकं फिरवा. तेवढा मळका ‘को’ पुसू नका.