गुडमारीला दिलेला ताण

"तीन महिन्यांत रमाची शुगरची गोळी बंद करून दाखवतो," असं प्रभाकर उकिडव्यांनी आपल्या बायकोबद्दल नवीन पनवेलमधल्या आपल्या बिल्डिंगभर सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या गॅलरीतली, साखर मारते म्हणतात ती गुडमारीची वेल अशी फोफावली, की शेजारी बघायला यायला लागले. प्रभाकररावांचा चेहरा मात्र उतरला. वेल सुखात असून चालणार नव्हतं.

त्याचं असं झालं. रिटायर झाल्यावर ते एका शिबिराला गेले होते. माती नाही, नुसत्या पाइपातून खताचं पाणी फिरवायचं आणि औषधी झाडं वाढवायची. तिथल्या बाईंनी सांगितलं, की झाडाला थोडा ताण दिला की पानातला औषधी अर्क वाढतो. प्रभाकररावांनी ते वहीत लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. त्यांची अख्खी नोकरी एका सरकारी कचेरीत गेली होती. ताण कसा द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी टीव्ही गॅलरीच्या दाराशी आणून वेलीला सासूसुनांच्या मालिका दाखवल्या. रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून वाढ समाधानकारक नसल्याचा मेमो वाचला. रमाबाई आतून म्हणाल्या, "अहो, चौतीस वर्षं मला दिलात, तेवढ्या ताणात माझ्यातच किती अर्क झाला असेल. मलाच उकळून प्या."

शेवटी रोप ज्याच्याकडून आणलं, तो सुकापूरचा काशिराम बघायला आला. मेमो ऐकून तो गॅलरीत खालीच बसला.

"भाऊ, तान म्हंजे पानी तोडायचा. शिव्या द्यायच्या नाय."

मग प्रभाकरराव पाइपातलं पाणी फिरवणारा पंप रोज थोडा वेळ बंद ठेवायला लागले. आठ दिवसांनी त्यांनी एक पान चावलं, वर पेढा खाल्ला. पेढा चिखलासारखा लागला. साखर खाल्ली, ती वाळूसारखी. पानाने साखर मारली, शास्त्र सिद्ध झालं, असं म्हणत त्यांनी रमाबाईंच्या गोळ्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि त्यांना रोज दहा पानं सुरू केली.

चौथ्या दिवशी रमाबाईंचे पाय लटपटायला लागले. घसा कोरडा पडला, पाणी पिऊन पुरेना. त्यांनी खालच्या कुलसुमभाभींना फोन केला. भाभींचं मेडिकलचं दुकान. त्या शुगर मोजायचं यंत्र घेऊन वर आल्या. रमाबाईंच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला तीनशे चौदा.

प्रभाकररावांनी यंत्रावरच शंका घेतली. भाभींनी वेलीचं एक पान तोडून चावलं, चिमूटभर साखर जिभेवर ठेवली आणि मनापासून हसल्या. "या अल्ला, खरंच गायब. काय मजेशीर पान आहे हो!" मग यंत्र पुढे केलं. "पण प्रभाकरभाऊ, पानाने जीभ गप्प केली. रक्त कुठे गप्प बसलंय?"

"अर्क कमी पडला असेल. अजून ताण देतो."

"द्या की. मग अर्क दुप्पट झाला आणि हिची शुगर धाडकन खाली आली, ही बाथरूममध्ये पडली, तर? गोळीच्या पाकिटावर पाचशे मिलिग्रॅम लिहिलंय. आजही पाचशे, उद्याही पाचशे. तुमच्या पानावर किती लिहिलंय?"

प्रभाकररावांनी खरंच पान उलटून बघितलं.

मग ते रमाबाईंकडे बघायला लागले. ही बाई चार दिवस निमूटपणे पाला चावत होती, ती त्यांच्यावर विश्वास ठेवून! त्यांनी कपाट उघडलं, गोळ्या तिच्या हातात दिल्या आणि खाली रिक्षा बोलवायला स्वतः गेले. डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं, मेमोसकट.

मंडळी, पाइपात वेली लावा, त्यांना ताण द्या, पानं चावून बघा. कुतूहल चांगलंच. अर्क वाढवणारी माणसंही प्रयोगशाळेत तो मोजतात, मगच औषध म्हणतात. पण झाडाचं आहे म्हणजे अपाय नाही, असं समजून आपल्या हौसेसाठी घरच्या माणसाची गोळी बंद करू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पंधरा दिवसांनी रमाबाई उपाशीपोटी रक्त तपासायला गेल्या. सोबत म्हणून प्रभाकररावांनीही हात पुढे केला. तिची शुगर एकशे अठ्ठावीस आली. त्यांची दोनशे सहा.