भिंगखात्यातली रिकामी जागा

चष्म्याची भिंगं घासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली, तीही एकाच दुकानात. म्हातारे मालक वारले, त्यांच्या मुलाने दुकानाला कुलूप लावलं आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई नव्याने नोकरी शोधायला निघाली. महिन्याभरात एका भिंगांच्या कारखान्याकडून मुलाखतीचं बोलावणं आलं.

"नुसतं उठून जायचं नसतं, आई," लेक म्हणाली. "आधी कंपनीची माहिती काढायची. विचारतात ते."

"मी काय सोयरीक जुळवायला चाललेय?"

"तसंच समज."

दुपारची जेवणं उरकून दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. कारखाना किती जुना, कुठली भिंगं करतात, वरचे साहेब कोण, हे लेक वाचून दाखवत होती आणि ती वहीत उतरवून घेत होती. कामगारांनी लिहिलेली मतंही सापडली. 'चहा म्हणजे कोमट पाणी, पण पगार वेळेवर,' असं एकाने ठोकून दिलं होतं. दोघी खूप हसल्या. मग कंपनीची गृहपत्रिका निघाली. लेक भराभर पानं सरकवू लागली. सहल, रक्तदान, कुणाचं तरी निधन, नवीन यंत्र...

"मागे घे," ती म्हणाली.

"यंत्राचं?"

"त्याच्या आधीचं."

फोटोतल्या माणसाने भिंग उजेडाकडे धरलं होतं, डावा डोळा मिटून, करंगळी काचेपासून लांब ठेवून. ती करंगळी लांब ठेवायला तिनेच शिकवलं होतं, टपल्या मारमारून. केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती. खाली लिहिलं होतं, 'भिंगखात्याचा जाणता हात हरपला.' अंक गेल्या वर्षीचा होता.

तो तिचा धाकटा भाऊ होता.

लेकीने नाव वाचलं आणि तिचा हात जागीच थांबला. "आई, हा आपला मामा?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

वडील लवकर गेले, म्हणून भावाला तिनेच वाढवलं होतं. दुकानात शेजारी बसवून काम शिकवलं. पुढे त्याने तिच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि गाव सोडलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने निरोपावर निरोप धाडले. तो आला, पण सगळं आटोपल्यावर, दुसऱ्या दिवशी. ती दारात आडवी उभी राहिली. "आई काल गेली. आणि तूही मेलास मला," म्हणाली आणि दार लावून घेतलं. नंतर वर्षभरात त्याचे तीन फोन आले. आवाज ओळखून तिन्ही वेळा तिने खाली ठेवले. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. कधी ना कधी तो येईल, आपण आधी चार शब्द सुनावू आणि मग पान वाढू, असं ती मनाशी धरून होती. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"नको जाऊस तिथे," लेक संध्याकाळी म्हणाली.

"जाणार. निदान कशाने गेला ते तरी विचारीन."

भिंगखात्याचे प्रमुख साठीकडे झुकलेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तिला एक भिंग घासायला दिलं, बोटाने कड तपासली आणि मान डोलावली. मग विचारलं, "आमच्या कंपनीबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?"

वही पिशवीत होती. तिला त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तुमचा एक माणूस गेल्या वर्षी गेला," ती म्हणाली. "ही जागा त्याचीच का?"

"हो. भरायला आमचं मन होत नव्हतं. ओळखत होता तुम्ही त्यांना?"

"काय झालं होतं?"

"फुप्फुसं गेली. तीन महिने काढले कसेबसे. मी विचारलं होतं, कुणाला कळवू का? बहीण आहे म्हणाले, हे काम तिनेच शिकवलं. मग म्हणाले, राहू द्या, तिचं मला रडून कधीच झालंय. एका माणसासाठी दोनदा कशाला रडायला लावू?"

"रागाने म्हणाला?"

"छे हो. हसत म्हणाले."

रागाने म्हणाला असता तर तिला सोसलं असतं.

"ती बहीण मीच," ती म्हणाली. प्रमुखांनी चष्मा काढला आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. निघताना तिने भावजयीचा नंबर मागून घेतला.

फाटकाजवळच्या बाकावर बसून तिने फोन लावला.

"मी ताई बोलतेय."

पलीकडून भावजयीने विचारलं, "कळलं तुम्हाला?"

तिला हुंदका आवरला नाही. भावजयीने जरा वेळ ऐकून घेतलं.

"ताई, रडू नका. मी वर्षभर एकटीने रडून घेतलंय. आता दुसऱ्या कुणाचं रडणं ऐकायची ताकद नाही माझ्यात."

"मी येऊ का तुझ्याकडे?"

"नको," भावजय म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "आत्ता नको." आणि तिने फोन ठेवला.

आठवड्याने नेमणुकीचं पत्र आलं. पत्र टेबलावर दोन दिवस तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी तिने सही केली, लेकीला न विचारता.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईने आपला डबा तिच्याकडे सरकवत सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"लेक आहे," ती म्हणाली. घास हातातच राहिला. "आणि एक भाऊ होता."