काचेमागे दुमडलेले दोन नवरे

मित्रांनो, तसबिरीला कसली आली लाज, असे तुम्ही म्हणाल. पण मी कापडावर रंगवलेली एक जुनी तसबीर आहे आणि मला फार लाज वाटते.

वसईच्या एका म्हाताऱ्या फादरांनी मला वर्षानुवर्षे जपले आणि गावातला तरुण कॉर्नेलियस नोकरीसाठी बहारीनला निघाला, तेव्हा त्याच्या हाती दिले. माझ्यावर एक जुनी दंतकथा रंगवली आहे. मारियामातेची आई संत ॲना दोनदा विधवा झाली आणि तिने तीनदा लग्न केले, अशी ती कथा. ॲनाच्या शेजारी ओळीने तिचे तीन नवरे, प्रत्येकापाशी त्याची मुलगी, आणि खाली सगळ्यांची नावे.

१९७६ साली कॉर्नेलियसच्या बहारीनमधल्या, बुसैतीनच्या घरी रोझरीची प्रार्थना ठरली. ऑफिसातली मंडळी यायची होती. तीन नवरे बघून लोक काय म्हणतील, या विचाराने त्याला घाम फुटला. त्याच्या सांगण्यावरून तुबलीच्या फ्रेमवाल्या इक्बालने दोन नवरे आणि दोन मुली मागे दुमडून मला लहान फ्रेमीत बसवले. रोझरीला सगळ्यांनी माझे कौतुक केले. मी हुरळून गेले, हे कबूल करते.

दोन वर्षांनी त्याची विधवा बहीण हिल्डा त्याला विचारायला आली. ती इथेच नर्स होती, पदरात छोटी मॅगी. झल्लाकच्या हॉटेलात काम करणाऱ्या फ्रेडीने तिला मागणी घातली होती.

कॉर्नेलियसने माझ्याकडे बोट केले. "बाय, ती बघ संत ॲना. एकाच नवऱ्यावर जन्म काढला तिने. आणि तुला दुसरा पाहिजे?"

हिल्डाने मान खाली घातली. फ्रेडीला तिने नकार कळवला. तो वर्षभर थांबला आणि मुंबईला परतला. ते दोघे नवरे माझ्या पाठीला चिकटून होते आणि मी नुसती चकाकत राहिले.

१९८५ मध्ये कॉर्नेलियसने घर बदलले आणि मला हिल्डाला देऊन टाकले. वाटेत माझी काच तडकली. तिने मला इक्बालकडेच नेले.

"बहनजी, इसमें तो और लोग भी हैं. आपके भाईसाहब ने मुड़वाया था."

हिल्डाने मला टेबलावर पसरले. नावांवरून हळूहळू बोट फिरवले. मग ती स्टुलावर बसली. तिने मला टराटरा फाडले असते, तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "बड़ी फ्रेम बनाओ."

नाताळला कॉर्नेलियस तिच्या घरी आला. मॅगीने विचारले, "अंकल, हू आर दीज टू मेन?"

कॉर्नेलियस पुढ्यातला केक कापू लागला.

"सांग ना, दादा," हिल्डा म्हणाली. "तुझी त्यांची जुनी ओळख."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ एखादे वेळी पुसली नाहीत तरी चालेल. पण लोकांच्या भीतीने आम्हाला दुमडू नका. मला आता मोठी फ्रेम मिळाली आहे. मुंबईहून फ्रेडीचे पत्र मात्र कधीच आले नाही.