स्तोयनाच्या फाटकावरचा कागद

गोर्ना लिपा गावात कुणी गेलं की कागद लिहायची ती स्तोयनाआजीच. वर फोटो, खाली नाव, वय आणि दोन बऱ्या ओळी. मग तो कागद गेलेल्याच्या फाटकावर चिकटवायचा. काही फाटकांवर तर नवरा, बायको, सासू असे तिघेही शेजारी शेजारी. विदिन जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात मरणाला तोटा नव्हता. अख्ख्या युरोपात सगळ्यांत जास्त माणसं आपल्याच भागात मरतात, असं टीव्हीवर सांगितलं तेव्हा वल्को म्हातारा छाती फुगवून म्हणाला होता, "चला, कशात तरी पहिले आलो!"

अशा गावात स्तोयनाची नात एलित्सा बाळंतपणाला आली. नवरा प्लामेन आयर्लंडमध्ये, कॉर्कला नोकरीला. तिकडे म्हणे बाबागाड्यांमुळे फुटपाथवर चालायला जागा नसते. बाळ, बोयान, चाळीस दिवसांचा झाला की दोघं निघणार होती.

"परत कधी येशील गं?" आजीने एकदा विचारलं.

"कशाला यायचं, आजी? मातीला?"

पोर खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच ते आजीला जास्त लागलं. ही एकदा गेली की आपण पणतू पुन्हा पाहत नाही, हे तिला कळून चुकलं.

चाळीस दिवस भरले त्या सकाळी आजीने ठरवलं, जन्मभर मरणं जाहीर केली, एक जन्मही जाहीर करू. तिने कागदावर बोयानचा फोटो लावला, नाव लिहिलं, 'दुपारी सगळ्यांनी यावं' असं लिहिलं आणि कागद आपल्या फाटकावर चिकटवला. तिला येत होतं ते एवढंच.

आता त्या गावात फाटकावरचा कागद जवळ जाऊन वाचतो कोण? लांबून दिसला की पुरे. दुपारी दारात सगळं गाव काळ्या कपड्यांत उभं. बायकांच्या हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाच्या वाट्या, आणि प्रत्येकाजवळ दोन दोन फुलं, कारण सम फुलं मेलेल्याला आणि विषम जिवंताला.

दार उघडलं खुद्द स्तोयनाने. शेजारची विधवा त्साना किंचाळली आणि तिची वाटी पायरीवर फुटली.

"अगं, तू जिवंत?" वल्को म्हणाला.

"का, वाईट वाटलं?"

"वाटणारच! चांगली डेलियाची फुलं तोडली मी तुझ्यासाठी."

मागून एलित्सा आली, कडेवर बोयान. तिने काळे कपडे पाहिले, गहू पाहिला, फुलं पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या लेकराच्या दारात मयताचं सामान! बघितलंस, आजी? म्हणून जायचंय मला इथून."

आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वल्कोने आपल्या दोन फुलांतलं एक काढून टोपीत खोवलं आणि उरलेलं पुढे केलं. त्याचं पाहून बाकीच्यांनीही एकेक फूल काढून टाकलं. गहू कोंबड्यांपुढे गेला. आणि त्सानाने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला. नवरा गेल्यापासून तिचे केस कुणी पाहिले नव्हते. मग एकीमागून एक सगळ्या विधवांनी रुमाल सोडले. त्या पांढऱ्या डोक्यांपुढे कुणीही हात जोडावेत, अशी ती माणसं.

पंपावर हात धुऊन सगळे बाळ घ्यायला रांगेत उभे राहिले. दहा-अकरा वर्षांत कुणी तान्हं मूल हातात धरलं नव्हतं. वल्कोने बाळ उचलून घेतलं. "थू थू! काय कुरूप पोर आहे!" दृष्ट लागू नये म्हणून तो म्हणाला. "अगदी स्तोयनावर गेलंय."

एलित्सा रडता रडता हसली. तिने डोळे पुसले. "बाप्तिस्मा इथेच करू," ती म्हणाली. "पुढच्या जुलैत. प्लामेन रजा काढेल."

"ऐकलंत?" वल्को सगळ्यांकडे वळला. "जुलैपर्यंत कुणी मरायचं नाही. कुणाच्याही फाटकावर कागद लागता कामा नये."

सगळे हसले. एलित्सा कॉर्कला गेली. हिवाळा मात्र गंमत समजणारा नव्हता. जानेवारीत वल्कोला न्यूमोनिया झाला, डॉक्टरने आशा सोडली, आणि त्याने डॉक्टरला धापा टाकत सांगितलं, "मला परवानगी नाही हो." त्सानाच्या हृदयाने दोनदा दगा दिला, ती दोन्ही वेळा परत आली, आणि तेही चिडून. का आणि कसं ते देव जाणे, पण त्या हिवाळ्यात आजीला एकही कागद लिहावा लागला नाही.

जुलैत चर्चच्या अंगणात सगळे हजर होते. वल्कोला खुर्चीसकट उचलून आणलं होतं, अंगात काय ती हाडं उरलेली. बाप्तिस्मा झाला आणि बोयानने त्याच्या मिशा ओढल्या. वल्कोने एलित्साला खाली वाकायला सांगितलं.

"पोरी, आता सुटलो ना मी?"

एलित्साने त्याच्याकडे पाहिलं, मग पलीकडे पाय चोळत बसलेल्या आजीकडे.

"नाही, आजोबा. हा पहिलं पाऊल टाकेल तेव्हा भाकरी करायची असते. ती मी इथेच करणार. तोवर थांबायचं."

"माणसाला सुखाने मरू देत नाहीत," वल्को कुरकुरला, आणि राकिया दारूचा पेला मागितला.