तळ्याचे तीन विश्वस्त

आमच्या गावचं तळं देवस्थानाच्या नावावर आहे आणि देवस्थानाचे विश्वस्त तीन: नथ्थूभाऊ, सुकरीबाई आणि सुकरीबाईची पोरगी चंदा. दहावी झालेली ती एकटीच, म्हणून तिला घेतलेलं. पुढे सह्या करायला कोणी उरलं नाही, तसा तळ्यातल्या मासेमारीचा ठेका थांबला आणि अख्ख्या मोहल्ल्याची जाळी खुंटीला लागली. मग सुकरीबाईचा पोरगा इस्तारी सिंदेवाहीच्या वकिलाकडे गेला. नवा विश्वस्त नेमावा असा अर्ज कोर्टात टाकायचा होता.

"जुने तिघं?" वकिलानं विचारलं.

"तिघंही मेले," इस्तारी म्हणाला.

यात त्याला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. नथ्थूभाऊ गेले होते, मागोमाग मायही गेली होती. आणि चंदा परजातीच्या ट्रक ड्रायव्हरबरोबर घुग्घुसला पळाली, तेव्हा गावानं जिवंतपणीच तिची तेरवी घातली होती. इस्तारीनं स्वतः डोकं भादरलं होतं. आमचं गाव या कामात मोठं चोख. एकदा मारलेलं माणूस पुन्हा म्हणून जिवंत होऊ देत नाही.

अर्ज तसाच दाखल झाला; मग वकिलानं मृत्यूचे दाखले मागितले तेव्हा पंचाईत झाली. चंदाचा दाखला कुठून आणणार? खरं कळल्यावर वकील भडकला. बहिणीला कोर्टात उभं कर, नाहीतर तळं विसर, एवढंच त्यानं सांगितलं.

इस्तारी घुग्घुसला गेला. तळ्याचा ठेका अडलाय, कोर्टात उभं राहावं लागेल, एवढंच त्यानं चंदाला सांगितलं.

"येईन मी," ती म्हणाली. "मायनं पाठवलं का तुले?"

इस्तारीनं मान खाली घातली. मेलेल्याला मयतीचा निरोप धाडत नाहीत, म्हणून माय गेली तेव्हा त्यानं तिला कळवलं नव्हतं. आता सांगितलं तर ती यायची नाही, अशी भीती त्याला वाटली.

"तारखेले ये, मंग बोलू," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच किळस आली.

तारखेला ती मायसाठी नवं लुगडं घेऊन आली. बसस्टँडपासून कोर्टापर्यंत इस्तारीनं कितीदा तरी तोंड उघडलं आणि दरवेळी चहाच विचारला.

पुकारा झाला. न्यायाधीश साहेबांनी नावं वाचायला सांगितली.

"नथ्थू, मयत. सुकरीबाई, मयत," वकील वाचू लागला. "चंदाबाईंना चुकून मयत लिहिलं गेलं, साहेब. त्या हजर आहेत."

मागे बसलेले गावकरी हसले. साहेब चंदाला म्हणाले, "मग तुम्हीच विश्वस्त. काम पाहायची तयारी आहे?"

चंदा इस्तारीकडे पाहत होती.

"माय कवा गेली, भाऊ?"

"मागच्या पोळ्याच्या आधी."

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"

चंदानं हातातलं लुगडं बाकावर ठेवलं. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "तयारी आहे. लोकायचं पोट आहे त्या तळ्यावर."

ठेका सुरू झाला, जाळी पाण्यात पडली. सहीसाठी इस्तारीलाच घुग्घुसला जावं लागतं. चंदा कागद घेते, सही करून परत देते, त्याच्याकडे बघतही नाही. तो तिला हाक मारतो, आणि ती दार लावून घेते.