मॅकवर चालत नाही म्हणे

बापूसाहेब चार वाजता मॅक न्यायला येणार होते. अजिनाथने हे सकाळी बायकोला सांगितलं तेव्हा ऋतुजा छोट्या संस्कृतीला पेज भरवत होती. चमचा तिने तसाच हवेत धरून ठेवला आणि पोरगी तोंड उघडून वाट बघत राहिली.

"नेतील कसे? माझा आहे तो."

"तुजाच हाय गं. पण दुकान दोगांचं की." अजिनाथ चप्पल शोधत होता, म्हणजे तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "त्याच्या बदली ते त्यांचा विंडोजचा कॉम्प्युटर देनार. आन् उद्याचं शाळंचं काम आज त्यांच्या स्टुडिओत काढून देनार. शब्द दिलाय मी त्यास्नी."

नातेपुत्याच्या बाजारपेठेतलं त्यांचं फोटोचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दसऱ्याच्या आठवडाभर आधी तिथला जुना कॉम्प्युटर व्होल्टेजने जळाला. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रं, लग्नाचे अल्बम, सगळं त्याच्यावरच्या एका सॉफ्टवेअरात व्हायचं, आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवालं. मग दसरा झाल्यावर ऋतुजाने कपाटातून आपला ॲपलचा मॅक काढला. सात वर्षांपूर्वी, लग्नाआधी, पुण्यात नोकरीला असताना स्वतःच्या पगारातून घेतलेला. सासरी आणलेल्या सामानात तेवढी एकच वस्तू तिने स्वतः निवडलेली होती. संस्कृतीचा पहिल्या दिवसापासूनचा एकूण एक फोटो त्यात होता.

घरात भाडेकरू ठेवावा तसं तिने मॅकच्या आत विंडोज आणून बसवलं. त्यात ते सॉफ्टवेअरही घातलं. इथवर सगळं सुतासारखं सरळ झालं, आणि अडलं ते डोंगलपाशी. डोंगल म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्ली. अंगठ्याएवढी वस्तू, पेन ड्राइव्हसारखी खाचेत लावायची, की तिचा लाल दिवा लागतो आणि सॉफ्टवेअर उघडतं. जुन्या कॉम्प्युटरवर तो दिवा बटण दाबल्या दाबल्या लागायचा. मॅकवर तो काही केल्या लागेना. पडद्यावर एकच वाक्य येई, डोंगल सापडलं नाही.

मंगळवारी बापूसाहेब मुद्दाम बघायला आले होते. चौकातला मोठा स्टुडिओ त्यांचा. हात पाठीमागे बांधून त्यांनी मॅक सगळ्या बाजूंनी बघितला, जसा बाजारात बैल बघतात.

"वहिनी, ह्यो सफरचंदाचा डबा. शिनेमा बगायला झ्याक. धंद्याला न्हाय. मॅकवर आपलं सॉफ्टवेअर चालत न्हाय."

त्या दिवसापासून घरात प्रत्येकाच्या तोंडी तेच. मॅकवर चालत न्हाय म्हणं. मॅक म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या सासूबाईसुद्धा, सारजाबाई, गिरणीत जाऊन ते सांगून आल्या. ऋतुजाच्या लक्षात एक गोष्ट मात्र राहिली होती. बापूसाहेबांचा मुलगा पृथ्वीराज पुण्याला ॲनिमेशन शिकायला गेला होता, आणि तिथे त्याला मॅक हवा होता. धंद्याला न चालणारा डबा त्यांना इतक्या घाईने का हवा होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"चारपर्यंत तो माझा आहे," ती अजिनाथला म्हणाली. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

दुपारी ती पुन्हा बसली. शाळेतल्या एकशे चाळीस पोरांचे फोटो काढून तयार होते, फक्त छापायचे राहिले होते, आणि उद्या सकाळी शाळा भरायच्या आत पोचवायचे होते. एक डोळा पडद्यावर, एक संस्कृतीवर. दीड वर्षाची ती पोर घरातल्या प्रत्येक वस्तूची चव घेऊन बघायची. सेल, टाचण्या, मण्यांची माळ, ऋतुजाने सगळं उचलून वर ठेवलं होतं, तरी रोज तिला काहीतरी नवं भीतीचं सापडायचं.

तिने डोंगल काढलं, पेन ड्राइव्ह लावून बघितला. मॅकने लगेच विचारलं, हा मॅकला देऊ की विंडोजला? म्हणजे खाच ठीक होती. प्रिंटर लावला, तेव्हाही विचारलं. पुन्हा डोंगल घ्यायला तिने हात पुढे केला तर टेबलावर डोंगल नव्हतं.

संस्कृती खाली बसली होती, गाल फुगवून.

ऋतुजाने एका झेपेत तिला उचललं. दोन बोटं तोंडात घालून डोंगल बाहेर काढलं. पोरगी रडायला लागली आणि रडताना तिची जीभ दिसली. जीभ पिवळीधमक होती.

पिवळं काय? तापाचं औषध गुलाबी. रांगोळी तर माळ्यावर. तिने पोरीच्या तोंडाशी नाक नेलं. हळद.

"आत्या, हिने भंडारा खाल्ला का हो?"

सारजाबाई उंबऱ्यात हुलगे निवडत होत्या. "भंडाऱ्याची देवळी माज्या डोस्क्याच्या वर हाय. कशी खाईल?"

मग ऋतुजाने हातातल्या ओल्या डोंगलकडे बघितलं. त्याच्या तोंडातल्या पट्ट्या सोनेरी असतातच, म्हणून आठवडाभर तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता तिने मोबाइलचा उजेड टाकला. सोनेरी नव्हतं ते. आतून घट्ट लिंपलेलं होतं.

"आत्या, ह्याच्यात कुणी घातला भंडारा?"

"म्याच की," सारजाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीला पाटावर समदी हत्यारं मांडल्याली. कॅमेऱ्याच्या डोळ्याला तू लावू दिला न्हाईस. मग ह्याचं त्वांड उगडं दिसलं. म्हनलं, ह्ये तरी कशाला उपाशी? पान्यात कालवून चांगला बसवला." बोलता बोलता त्यांचा हात सुपातच थांबला. "व्हय गं, त्येनं बिगडलं व्हय?"

पोरीला ऋतुजाने सासूबाईंच्या मांडीवर दिलं, तोंड धुवायला सांगितलं, आणि प्रिंटर पुसायचं स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन बसली. पिवळं पाणी निघत राहिलं. चारदा पुसलं, पंख्याखाली धरलं, आणखी एकदा धरलं. घड्याळात साडेतीन झाले तेव्हा तिने डोंगल खाचेत घातलं.

लाल दिवा लागला.

मॅकने विचारलं, हे मॅकला देऊ की विंडोजला?

"भाडेकरूला दे," ऋतुजा म्हणाली.

बापूसाहेब अजिनाथबरोबर आले ते खांद्यावर रिकामं पोतं टाकूनच. दारातच दोघं थांबले. प्रिंटर घरघरत होता. टेबलावर एकेका कागदावर आठ आठ पोरं ओळीने बसली होती.

"ह्ये कुटनं काढलं, वहिनी?"

"मॅकमधून."

"मॅकवर ते चालत न्हाय."

"बरं. बसा त्या स्टुलावर."

कॅमेरा समोर आल्यावर माणूस बसतोच, बापूसाहेबही बसले. तिने फोटो काढला, मॅकवर घेतला, विंडोजमध्ये टाकला. "कोट घालू का? टाय लाल देऊ की निळा?"

"निळा," ते म्हणून गेले.

दोन मिनिटांनी त्यांच्या हातात निळ्या टायमधले आठ बापूसाहेब होते. कागद त्यांनी दाराच्या उजेडात धरला.

"मग इतकं दिस काय अडाकलं व्हतं?"

सारजाबाईंनी मान खाली घातली. "डोंगल घाण झालं होतं," ऋतुजा म्हणाली. "पुसलं."

अजिनाथ घसा खाकरून म्हणाला, "त्ये ठीक हाय गं. पन बापूस्नी शब्द दिलाय मी."

"शब्द तुमचा आहे, मॅक माझा. तुम्ही तुमचा परत घ्या." तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "आणि उद्यापासून ह्या खुर्चीवर मी बसणार. तुम्ही फोटो काढा, छापीन मी."

अजिनाथने बापूसाहेबांकडे बघितलं. बापूसाहेबांनी स्वतःच्या आठ चेहऱ्यांकडे.

"ऱ्हाऊ द्या, अजिनाथ," ते शेवटी म्हणाले. "पुर्थ्वीराजला सांगतो, दुसरं बग म्हनून."

"पोतं आणलंच आहे तर तो जळालेला कॉम्प्युटर न्या," ऋतुजा म्हणाली. "जागा अडते."

त्यांनी खरंच नेला. अजिनाथ एका बाजूने पोतं धरून चौकापर्यंत गेला.

मागे सारजाबाई उठल्या आणि देवळीतली भंडाऱ्याची वाटी घेऊन टेबलापाशी आल्या. यंत्राने यश दिलं होतं, त्याला काहीतरी लावायलाच हवं होतं. त्यांची चिमूट मॅककडे निघाली तशी ऋतुजाने डोंगलवर हात आडवा धरला आणि स्वतःचं कपाळ पुढे केलं.

"ह्याच्या वाटचा मला लावा, आत्या."

सारजाबाईंनी लावला, चांगला हात भरून. थोडा नाकावर सांडला. ऋतुजाने तो पुसला नाही. एका हाताने डोंगल झाकून दुसऱ्या हाताने ती पुढचा कागद प्रिंटरमध्ये सोडत राहिली.